वेशीत थांबलेले बैल

“बँकवाल्यांची ती पोरगी घ्या की. बोलत न्हाई काई, पन इंग्लिश फाडफाड येतंय म्हनं तिला.”

“बोलत न्हाई, तर फाडफाड येतंय हे कुणाला कळलं?”

संस्थेच्या बाई आणि चित्रकलेचे मास्तर यांचं हे बोलणं चाललं होतं तेव्हा मी दाराबाहेर पोस्टर कलरच्या बाटल्यांचं खोकं घेऊन उभी होते. आत जावं की थांबावं, ठरेना. खोकं जड होतं. शेवटी बाईंनीच मला पाहिलं आणि जराही न ओशाळता म्हणाल्या, ये ये, तुझंच चाललंय. मास्तर मात्र ओशाळले. त्यांनी उठून खोकं घेतलं आणि उगाच एकेका बाटलीचं झाकण घट्ट आहे का ते बघत बसले.

मी तेव्हा बिदरच्या कॉलेजात बी. ए. करत होते. परदेशातल्या दोन-तीन देशांतून काही मुलंमुली आमच्याकडे येणार होती. पंधरवडाभर राहून ती इथल्या मुलांबरोबर चित्रं काढणार, आणि पुढच्या वर्षी इकडची मुलं तिकडे जाणार, असा त्या संस्थेचा कार्यक्रम होता. विषय ठरलेला होता: आपलं घर कुठून कुठे आलं. इकडचा एक आणि तिकडचा एक अशी जोडी करायची, जोडीला मांजरपाटाचा मोठा तुकडा द्यायचा, अर्ध्यावर एकानं आपल्या घराचा प्रवास काढायचा, अर्ध्यावर दुसऱ्यानं. शेवटच्या दिवशी गावातल्या सभागृहात सगळी कापडं दोरीवर टांगून लोकांना दाखवायची. मला चित्र काढायचं होतंच, शिवाय दुभाषी म्हणूनही काम करायचं होतं. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे करायचं, हे मला बरं वाटलं. त्यात स्वतःचं काही सांगावं लागत नाही, अशी माझी समजूत होती.

माझी शाळा सगळी इंग्रजीत झाली. बाबा बँकेत, बदलीची नोकरी. जिथं जाऊ तिथली मिशनची शाळा शोधायची, हा त्यांचा नियम. घरात मराठी, गल्लीत कानडी, बाजारात दखनी आणि वर्गात इंग्रजी. यातली एकही भाषा मी फार बोलायचे नाही. वर्गात पहिली यायचे आणि मधल्या सुट्टीत खिडकीशी बसायचे. कुणी घरी बोलावलं तर अभ्यास आहे म्हणायचे. घरी बोलावलं की लोक आधी आडनाव विचारतात. आमचं आडनाव गावावरून आहे, त्यातून काही कळत नाही. मग ते पुढचं विचारतात.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं, “किल्ला कुणी काढायचा न्हाई. मदरसा काढायचा न्हाई. बिदरी सुरई तर अजिबात न्हाई. ते समदं क्यालेंडरवर येऊन गेलंय.” मी हे इंग्रजीत सांगितलं. पाहुणे हसले. आमच्यातला एकजण हात वर करून म्हणाला, “सर, आमी तर कुठं गेलोच न्हाई. आज्जा हैद्राबादात जन्मला, बाप म्हैसुरात आन् मी कर्नाटकात. घर त्येच, वाडगं त्येच.” आता आमची मुलं हसली. मी भाषांतर केलं तर पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही. ते गंभीर झाले, आणि त्यांच्यातल्या एकानं विचारलं की राज्यांची सरहद्द हलली तेव्हा लोकांना किती त्रास झाला. त्या मुलानं खांदे उडवले. “फारमावरचा शिक्का बदलला,” म्हणाला. “गुरुजी बदललं. दुसरं काय.”

माझी जोडी बेल्जियमच्या एका मुलीशी लागली. माझ्याच वयाची, उंच, उन्हानं नाक लाल झालेलं. वसतिगृहातली ज्वारीची भाकरी ती पहिल्या दिवशी काट्याने खायला गेली, दुसऱ्या दिवसापासून हातानं खायला लागली आणि ठेचा मागायला लागली. बडबडी होती. माझ्यासारखीशी तिची जोडी लागली हे तिचं दुर्दैव, असं मला वाटायचं. तिला मात्र तसं काही वाटलेलं दिसलं नाही. तिचा आजा इटलीतून बेल्जियममध्ये कोळशाच्या खाणीत आला होता. तेवढंच तिनं सांगितलं आणि माझ्याकडे बघून थांबली. आता माझी पाळी होती. मी म्हटलं, उद्या सांगते. घरी विचारावं लागेल.

विचारावं लागणार होतं हे खोटं नव्हतं. आमच्या घरात गावाविषयी कुणी बोलत नसे. गाव मुडबी, बसवकल्याण तालुक्यात, बिदरहून बसनं अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल असं. पण आम्ही कधी गेलो नव्हतो. मी रविवारी सकाळी बाबांना विचारलं. ते ओट्यावर बुटांना पॉलिश करत होते. बाबांचे बूट नेहमी चकचकीत असत. बँकेतला शिपाई त्यांना म्हणाला होता, साहेब, तुमच्या बुटात बघून मी भांग पाडतो.

त्यांनी ब्रश थांबवला नाही. बुटाकडे बघतच सांगत गेले.

कारहुणवी म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. ज्येष्ठाच्या पुनवेला बैल धुतात, शिंगं रंगवतात, झुली घालतात आणि संध्याकाळी गावातल्या सगळ्या बैलांची मिरवणूक वेशीतून बाहेर काढतात. पाटलांचा बैल पुढं. आणि त्याच्याही पुढं हलगी. हलगी वाजवायचा मान, म्हणजे बाबा मान म्हणाले आणि मग स्वतःच थांबून “मान कसला, काम” म्हणाले, ते आमच्या लोकांचं. महारवाड्यातला माणूस हलगी वाजवत वेशीत आला की मगच बैल निघायचे. त्याच्याआधी निघायचे नाहीत, अशी रीत. माझा आजा मुडबीत सगळ्यात चांगली हलगी वाजवायचा. त्याची हलगी ऐकून बैल आपणहून पाय उचलतात असं गावातले लोक म्हणत.

मग आमच्या लोकांनी धम्म घेतला. गाव हैद्राबादातून म्हैसुरात गेलं त्याच्या मागंपुढंच. महारवाड्यात बैठक बसली. मेलेली जनावरं ओढायची नाहीत, घरोघर भाकरी मागायची नाही, हलगी वाजवायची नाही. देव्हाऱ्यातले देव विहिरीत सोडले. पहिल्या दोन गोष्टींवर गावात कुरकुर झाली, पण चाललं. हलगीचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कारहुणवी आली तेव्हा आलं.

“बैलं वेशीत आली आन् थांबली,” बाबा म्हणाले. “पाटलाचा मानूस बोलवाय आला. परत आला. तुझा आज्जा बाजेवर बसून सुंभ वळायलाता. मान वर केली न्हाई त्यानं. मी भिंतीवर चढून बघायलातो. आठ वर्साचा असंन. समदी बैलं सजूनधजून आमच्याकडं तोंड करून उभी. घुंगरं वाजायलीत, पन पाय कुणी उचलंना. दिवेलागण झाली तरी उभी. मंग मागं फिरवली.”

“मग?”

“मग काय. गिरणी बंद, दुकान बंद, रान बंद. तुझा आज्जा भालकीला रेल्वेच्या गँगमधी लागला. आमी समदे त्याच्या मागं आलो.” त्यांनी दुसरा बूट घेतला. “चित्र काढायचं त्याचं?”

मी मान हलवली.

“काढ,” ते म्हणाले. “पन तुझ्या आईला इचार. घर माझ्या एकट्याचं न्हाई.”

आई आत भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, “मला परत बिऱ्हाड बांधायचं न्हाई.”

याचा अर्थ मला पुरता माहीत होता. अफजलपूरला आम्ही भीमेच्या बाजूला एका घरात राहत होतो. काही महिन्यांनी घरमालकाला कुठूनसं कळलं. तो वाईट बोलला नाही. मुलगी बाळंतपणाला येतेय, खोल्या लागतील, म्हणाला. आम्ही दोन गल्ल्या पलीकडं राहायला गेलो. मुलगी काही आली नाही. खोल्या बरेच दिवस कुलपात होत्या आणि आई बाजाराला जाताना त्या कुलपाकडे बघायची. गुलबर्ग्याला तर बहाण्याचीही गरज पडली नाही. बिदरला आल्यावर पुष्कळ फिरून हे घर मिळालं होतं. मालकीणबाई लिंगायत, माहेर भालकीचं, घरात आडतीचा व्यापार. सगळे त्यांना अक्का म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी बाबांना गाव विचारलं. बाबांनी मुडबी सांगितलं. “कल्यानची?” म्हणत अक्कांनी डोळे मिटून हात जोडले. कल्याण म्हणजे लिंगायतांची पुण्यभूमी; त्या मातीतली माणसं म्हणजे चांगलीच असणार, असं त्यांनी धरलं असावं. पुढं त्यांनी काही विचारलं नाही आणि आम्ही काही सांगितलं नाही.

बुद्धाचा फोटो आमच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं लावलेला होता. आई सकाळी कपाट उघडायची, उदबत्ती ओवाळायची, कपाट लावायची. उदबत्तीच्या वासानं साड्या भरलेल्या असत. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांकडे असंच असतं.

अक्का मात्र फार चांगल्या होत्या. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली की पितळी डबा भरून पाठवायच्या. परीक्षेच्या दिवसांत मला पुढच्या ओसरीवर बसून वाचू द्यायच्या आणि त्यांच्याच नातवंडांना ओरडायच्या, “गप बसा रे, ती अभ्यास करायली.” आमच्या आईला वहिनी म्हणायच्या. आई इतकी वर्षं कुणाच्या ओट्यावर जाऊन बसली नव्हती, ती दुपारची अक्कांकडे जाऊन शेंगा फोडत बसायला लागली होती. तिच्या म्हणण्यातलं बिऱ्हाड म्हणजे भांडी आणि गाद्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी बेल्जियमच्या मुलीला सांगितलं, घरचे लोक काम शोधत खेड्यातून शहरात आले. ती बरं म्हणाली. तिनं आपल्या अर्ध्यात माणसं खाणीत उतरवणारा पाळणा काढला होता, त्याच्या बाजूला पत्र्याच्या झोपड्या. मग एक चांगलं विटांचं घर, आणि त्याच्या दारावर पाटी. पाटीवर ती बारीक ब्रशनं काहीतरी फ्रेंचमध्ये लिहीत होती. मी विचारलं, काय लिहितेस. ती म्हणाली, भाड्यानं देणे आहे. जनावरं नकोत, परदेशी नकोत. तिच्या आजाला सुरुवातीची कित्येक वर्षं घर मिळालं नव्हतं, दारादारांवर असंच लिहिलेलं असायचं. “त्यांनी निदान लिहिलं तरी होतं,” असं माझ्या तोंडून निघून गेलं. ती ब्रश बाटलीत ठेवून माझ्याकडे वळली.

मग मी तिला सांगितलं. कारहुणवी, वेस, हलगी, आजा, अफजलपूर, सगळं. वसतिगृहाच्या जिन्यात बसून सांगितलं, आणि सांगताना मला काहीच झालं नाही याचं नवल वाटलं. महारवाडा हा शब्द मी जन्मात कुणासमोर उच्चारला नव्हता. इंग्रजीत मी त्याच्यासाठी कुठलासा पुस्तकातला शब्द वापरला आणि तो इतिहासाच्या पेपरात लिहावा तसा बाहेर पडला. त्या भाषेत मला त्या शब्दावरून कुणी कधी हाक मारली नव्हती. तिनं एकदोन प्रश्न विचारले. आजा आहे का, विचारलं. गेला, म्हटलं, मी लहान असताना. त्यानं पुन्हा कधी हलगी वाजवली का? मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, हेच काढ.

मी काढलं. कापड दोन तुकड्यांत करून नंतर जोडायचं ठरलं होतं, म्हणून माझा अर्धा तुकडा मला घरी नेता आला. अक्का एका लग्नाला भालकीला गेल्या होत्या. मी आतल्या खोलीत फरशीवर कापड पसरून दुपारभर बसायचे. बिदरची लाल माती गोंदात कालवून मास्तरांनी आम्हाला रंग करायला शिकवला होता, तो मी वेशीच्या दगडांना दिला. वेशीत बैल काढले, एकामागं एक, सगळे बघणाऱ्याकडे तोंड करून. शिंगांना हिंगूळ, पाठीवर आरशांच्या झुली, कपाळाला बाशिंगं. मागं पटकेवाले लोक. पुढं मोकळी जमीन ठेवली. तिथं कुणी नाही. तिथं कुणी नव्हतंच. आजा मी काढला नाही, त्याची बाज काढली नाही. भिंत काढली नाही, कारण चित्र त्या भिंतीवरूनच दिसणार होतं. काम चालू असताना हे सगळं मला अगदी बरोबर वाटत होतं.

बाबा बँकेतून आले, कपडे न बदलता चित्रासमोर उकिडवे बसले. बराच वेळ बघितलं. पाटलाच्या बैलाचं एक शिंग थोडं मोडकं होतं, म्हणाले. मी ते मोडकं केलं. “झूल निळी होती,” म्हणाले. ती निळी केली. जेवताना एकदोनदा उठून परत बघून आले.

आईनं सगळ्यात शेवटी बघितलं, हात पदराला पुसत. तिचा चेहरा सैल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

“चांगलं झालंय गं,” ती म्हणाली. “बरं झालं. यातून काई कळत न्हाई.”

तिनं हे मनापासून, कौतुकानं म्हटलं होतं. मी ब्रश धुवायला मोरीत गेले आणि पाणी स्वच्छ झाल्यावरही धूत राहिले. मग कापड गुंडाळून ठेवलं. त्यात अजून काही काढायला हवं का, याचा विचार केला, पण काढलं काही नाही. आईला हवं होतं ते झालं होतं, बाबांना हवं होतं तेही झालं होतं. असं आमच्या घरात फार वेळा होत नसे.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात दोऱ्या बांधून कापडं चिमट्यांनी अडकवली होती. वारा आला की सगळी घरं हलायची. मास्तर स्टुलावर चढून चिमटे वाढवत होते आणि खालून बाई त्यांना सांगत होत्या, डावं वर घ्या, डावं, तुमचं डावं. गर्दी बऱ्यापैकी जमली. कॉलेजची मुलं, कुणाकुणाचे आईबाप, आणि परदेशी लोक बघायला मिळतात म्हणून आलेले बाजारातले लोक. जोडीतल्या दोघांनी आपल्या कापडाजवळ उभं राहायचं होतं. बाबा बँक सुटल्यावर येणार होते. आई आधीच आली. येणार नव्हती, पण अक्का निघाल्या म्हटल्यावर तिला घरी बसवेना.

अक्का आल्या त्या जावेला आणि शेजारच्या दोघीतिघींना घेऊनच. कपाळाला ताजी विभूती, ठेवणीतलं इरकली लुगडं. इतर कापडं बघत बघत आमच्या कापडाशी आल्या आणि तिथंच थबकल्या. खाणीकडं त्यांनी बघितलंही नाही.

“अगं, ही तर कारहुनवी,” त्या म्हणाल्या. “बघ गं, झूल बघ. बाशिंगं बघ. कसे राजावानी उभारलेत.” जावेला कोपरानं ढोसलं. “असे होते आमच्या अप्पाचे. भालकीला. असेच.”

मग त्या वळल्या आणि त्यांचा चेहरा इतका खूश होता की मला पुढचं सगळं आधीच कळलं.

“ह्ये तुमचेच न्हवं वहिनी? मुडबीचे?” आईनं काही म्हणायच्या आतच त्या पुढं बोलत गेल्या. “कधी बोलला न्हाईत ते. मी यांना पैल्या दिवशी म्हनलेते, ही नुसती नोकरीवाली मानसं न्हाईत, शेतीवाडीतली हायेत. दावणीला बैलं असल्याबिगर घराला असं वळण येत न्हाई. हे म्हनले, तुला कसं कळलं? आता दाखवते त्यांना आणून.”

“गावाकडं...” आई म्हणाली आणि तिथंच थांबली. ते हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी चित्राकडे बघितलं. बैलांचं चित्र बघून आमच्याकडचा कुणीही दुसरं काही वाचणार नव्हता. ज्याच्या चित्रात सजलेले बैल, त्याची जमीन, त्याचं घर, त्याचा सण. मी हलगी काढली नव्हती, आजा काढला नव्हता, म्हणून ते बैल ज्याचे होते त्याचेच दिसत होते. आजा त्या संध्याकाळी मान खाली घालून बसला, त्यानं काय केलं ते चित्रात कुठंच नव्हतं. चित्रात आम्ही पाटील झालो होतो. आणि हे मान्य करायला मला तोंडही उघडावं लागणार नव्हतं. नेहमीसारखं गप्प राहिलं की झालं. अक्का घरी जाऊन सांगतील, शेजारणी सांगतील, आणि आमच्या बिऱ्हाडाची चिंता कायमची मिटेल. आईला दुपारी शेंगा फोडायला जागा राहील.

बेल्जियमच्या मुलीनं मला विचारलं, ह्या काय म्हणतात? मी म्हटलं, त्यांना बैल आवडले.

ती एकदम फुलली. तिला वाटलं, आता खरं सांगायची वेळ आली. या लोकांना तर तिच्यापेक्षा जास्त कळेल असं तिला वाटत होतं. तिनं अक्कांना नमस्कार केला, पाहुण्यांना शिकवला होता तसा, आणि इंग्रजीत सांगायला लागली. ज्यांना भाषा येत नाही त्यांच्याशी बोलतात तसं सावकाश, मोठ्यानं, हातांनी दाखवत. हे बैल चालत नाहीयेत, थांबलेत. ते का थांबलेत, बघा. इथं पुढं एक माणूस असायला हवा होता. तिनं मोकळ्या जमिनीवर हात ठेवला. मग हातांनीच हलगी वाजवल्यासारखं केलं, आणि मग दोन्ही हात मागं नेले.

अक्का मान डोलवत ऐकत होत्या. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण पाहुणी आपल्याशी बोलतेय म्हणून त्या प्रत्येक वाक्याला “व्हय, व्हय” म्हणत होत्या. आजूबाजूचे लोक जमा झाले. मास्तर स्टुलावरून उतरून आले. त्यांना इंग्रजी बेताचं येत होतं. ते कापडाकडे नीट बघायला लागले, मग माझ्याकडे. मुलगी बोलायची थांबली आणि माझ्याकडे वळून हसली. सांग, म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले.

“काय म्हनायली गं ती?” अक्कांनी विचारलं. “हातानं काय दाखवायली? टाळ्या काय?”

मी काहीही सांगू शकले असते. पाऊस यायची वाट बघत थांबलेत, म्हटलं असतं तरी चाललं असतं. आमची माणसं कामासाठी शहरात आली, असं तर मी आधी सांगितलंच होतं, आणि तेही खोटं नव्हतं. मास्तर सोडले तर कुणाला कळणार नव्हतं, आणि मास्तर बोलणारे नव्हते. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको म्हणत होती.

मी इंग्रजीतलं वाक्य मनात मराठीत लावून बघितलं. जिन्यात जे सहज सांगितलं होतं ते इथं तसं लागेना. इथं त्या इंग्रजी पुस्तकी शब्दाच्या जागी खरा शब्द होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. अक्का अजून माझ्याकडे हसून बघत होत्या. त्यांनी पुढं होऊन माझ्या दंडावर हात ठेवला. “लाजू नगं,” म्हणाल्या. “सांग की. कामून गप झालीस?”

“ती काय म्हणायली ते राहू द्या अक्का, मीच सांगते,” मी म्हटलं. “ही बैलं आमची न्हाईत. त्यांच्या पुढं वाजवायची हलगी आमची होती. आमच्या आज्यानं त्या दिवशी ती वाजवली न्हाई, म्हणून बैलं वेशीत थांबलीत. आमी वेशीच्या भायेरचे, अक्का. महारवाड्यातले.”